मोबाइल बंद केला, दातांचं काय?

‘वर्षभर जबडा दुखतोय. दाढा ठीक, एक्स-रे ठीक. दंतवैद्य म्हणाल्या, महिनाभर सोशल मीडिया बंद ठेवून बघा. याला काही शास्त्रीय आधार आहे का?’ असं एका वाचक भगिनींनी विचारलं आहे. आधार आहे. पण आपण जिथे शोधायला जातो, तिथे तो नाही.

पहिला शोध साहजिकच मानेपाशी जातो. मान 60 अंशांत वाकवून मोबाइल बघितला की मणक्यावर 27 किलोचा भार येतो, हा आकडा चित्रासकट आपल्या प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेलेला आहे. त्याचा उगम 2014 सालच्या एका शोधनिबंधात आहे. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी संगणकावर मानेची प्रतिकृती करून हे गणित मांडलं. एकाही जिवंत माणसाच्या मानेवरचा भार त्यात मोजलेला नव्हता. गणित म्हणून ते ठीक आहे, पण त्यावरून थेट जबड्याच्या दुखण्यावर उडी मारणं म्हणजे पुराव्याशिवाय निकाल देणं.

दुसरा शोध ‘डिजिटल उपवासा’च्या प्रयोगांपाशी जातो. 2022 मध्ये इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाने 154 जणांवर असा प्रयोग केला. त्यातल्या निम्म्यांनी आठवडाभर सोशल मीडिया सोडला आणि त्यांची मनःस्थिती सुधारली, चिंता थोडी कमी झाली. त्याआधी अमेरिकेत 2018 च्या निवडणुकीच्या तोंडावर हंट ऑलकॉट, मॅथ्यू जेंट्झकाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं होतं. (अर्थशास्त्रज्ञच ते, पैसे दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.) दिवसाला तासभर वेळ मोकळा झाला, समाधान वाढलं, पण अगदी थोडं. आणि असल्या प्रयोगांत एक अडचण कायम राहते. साखरेची गोळी देऊन रुग्णाला अंधारात ठेवता येतं, पण आपलं फेसबुक बंद आहे हे माणसाला कळतंच. बरं वाटेल या अपेक्षेनेच किती बरं वाटलं, हे वेगळं काढायचं कसं? शिवाय जबडा दुखायचा थांबला का, हे या दोन्ही प्रयोगांत कुणी विचारलेलं नाही.

मग आधार कुठे आहे? तो आहे दातांमध्ये. खरं तर, दातांमधल्या फटीत.

निवांत बसलेल्या माणसाचे ओठ मिटलेले असतात, पण वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले नसतात. मधे दोन ते चार मिलिमीटर जागा असते. दात टेकायचे ते चावताना आणि गिळताना. जुन्या मोजमापांप्रमाणे चोवीस तासांत हा सगळा स्पर्श जेमतेम वीसेक मिनिटांचा भरतो. हे वाचताना तुमचे दात टेकलेले आहेत का, ते बघा. असतील, तर पुढचं तुमच्यासाठीच आहे.

झुरिचच्या संशोधकांनी हेच लोकांना दिवसभर विचारलं. मनगटावर एक छोटं यंत्र बांधलं. ते थरथरलं की त्या क्षणी दात टेकलेत की नाहीत, एवढंच नोंदवायचं. 2007 साली निकाल आला. निरोगी लोकांचे दात सुमारे 9 टक्के वेळा टेकलेले सापडले, तर जबड्याचे स्नायू दुखणाऱ्यांचे 35 टक्के वेळा. आता, दुखतं म्हणून टेकतात की टेकतात म्हणून दुखतं? हा प्रश्न अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन ग्लॅरोस यांनी उलट बाजूने धरला. ठणठणीत माणसांच्या जबड्यावर इलेक्ट्रोड लावून त्यांनी एका गटाला स्नायू सैल ठेवायला सांगितलं आणि दुसऱ्याला किंचित आवळून धरायला. दिवसाला वीस मिनिटं, असं काही दिवस. जोर अगदी मामुली, दाणा फोडायला लागतो त्याच्या आसपासही नाही. तरी आवळणाऱ्या गटातल्या काहींचा जबडा निदान करण्याइतका दुखू लागला. भरलेली बादली उचलून ठेवली की हात विसरून जातो, पण रिकामी पिशवी तासन्‌तास कोपरावर लटकवून ठेवली तर तोच हात संध्याकाळी तक्रार करतो, तसंच हे.

इथे मला एका विस्मृतीत गेलेल्या माणसाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. 1934 साली सेंट लुईसमधले कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी अवघ्या 11 रुग्णांवरून सिद्धान्त मांडला, की मागच्या दाढा पडल्या की जबडा जास्त मिटतो, सांधा कानाजवळच्या नसांवर दाबतो आणि दुखतं. चौदा वर्षांनी शरीररचनातज्ज्ञ हॅरी सिचर यांनी दाखवलं, की सांध्याची रचना पाहता असा दाब पडूच शकत नाही. पण तोवर दात झिजवून, उंचवून ‘चावा’ दुरुस्त करण्याचा धंदा जोरात सुरू झाला होता. अशा काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले दंतवैद्य लाझ्लो श्वार्ट्झ म्हणत होते, की दुखणं बहुतेकदा स्नायूंचं आहे, आणि दातांइतकंच लक्ष त्या दातांच्या मालकाकडे द्या. 1950 च्या दशकात एका दंतवैद्याने हे म्हणणं सोपं नव्हतं. ‘कॉस्टेन सिंड्रोम’ पुस्तकांत अजून सापडतो, श्वार्ट्झ यांच्या नावाचं काहीच नाही. बरोबर असण्याचं बक्षीस कधी कधी असंच मिळतं.

मोबाइल इथे येतो तो मालकाचं लक्ष खेचून घेणारा म्हणून. एकाग्रता, राग, चिंता यांत माणूस नकळत दात आवळतो, आणि सोशल मीडिया या तिन्हींचा अखंड पुरवठा करतो. कुणाच्या तरी पोस्टला सणसणीत उत्तर टाइप करणाऱ्या माणसाचा जबडा लांबूनही ओळखू येतो. पण मग गणिताचा पेपर, शिवणकाम, सिंहगड रोडवरची ट्रॅफिक, हेही त्याच यादीत येतं. म्हणजे फेसबुक सोडून त्या वेळात इन्कम टॅक्सची फाइल उघडली, तर जबड्याच्या दृष्टीने फारसं काही बदललं नाही.

याला दुसरी बाजूही आहे, आणि उपवासाचे प्रचारक ती सांगत नाहीत. लक्ष दुसरीकडे गेलं की वेदना खरोखर कमी जाणवते. भाजलेल्या रुग्णांची पट्टी बदलताना त्यांना बर्फाळ दरीतल्या आभासी खेळात गुंतवायचं तंत्र अमेरिकेत हंटर हॉफमन यांनी वापरलं, ते याच तत्त्वावर. रात्री जबडा ठणकत असताना कुणी मांजरांची रील्स बघत असेल, तर ती त्या व्यक्तीची गोळी आहे. ती काढून घ्यायची तर बदल्यात दुसरं काहीतरी द्यायला हवं. गाणी ऐका, बहिणीशी फोनवर बोला, फिरून या.

म्हणून त्या दंतवैद्यांच्या सल्ल्याला माझी एक पुरवणी. सुट्टी जरूर घ्या, पण त्या सुट्टीत सवय मोडायचं काम करा. जपानमध्ये कोजी किनो यांनी दात टेकवण्याच्या या सवयीवर साधा उपाय लोकप्रिय केला. घरात जागोजागी कागदी चिठ्ठ्या चिकटवायच्या, आणि चिठ्ठी दिसली की श्वास सोडून जबडा सैल करायचा. फ्रिजवर एक, आरशावर एक, आणि उपवास संपल्यावर मोबाइलच्या पाठीवर एक. खर्च शून्य आहे, म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात दिसत नाही.

महागड्या गोष्टींबद्दल 2023 च्या अखेरीस ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट बोलतात. दीर्घकाळच्या जबडेदुखीसाठी त्यांनी विचार-वर्तन उपचार आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालचे जबड्याचे व्यायाम यांची ठाम शिफारस केली. चावा कायमचा बदलणाऱ्या स्प्लिंटला (दातांवर बसवायच्या साच्याला) आणि सांध्यातली चकती काढण्याच्या शस्त्रक्रियेला ठाम विरोध केला. नेहमीच्या, काढता-घालता येणाऱ्या स्प्लिंटचीही वेदनेसाठी शिफारस नाही. झोपेत दात खाणाऱ्याच्या दातांची झीज वाचवायला नाईट गार्ड देतात, ती गोष्ट वेगळी.

मात्र प्रत्येक जबडेदुखी ही सवयीची नसते. आपल्याच हाताची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, ते बघा. जात नसतील, तिखट खाल्लं की आग होत असेल, आणि सुपारी-गुटख्याची सवय असेल, तर तो तोंडातल्या अस्तराचा आजार असू शकतो, आणि त्याचा पुढे कर्करोग होऊ शकतो. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे सांगायला नको. जिना चढताना जबडा दुखत असेल आणि थांबल्यावर बरं वाटत असेल, तर हृदयाची तपासणी आधी. चिठ्ठ्या त्यानंतर चिकटवा.