टॅबलेट टीव्हीला ‘जोडणे’: ध्वनिविज्ञानाच्या वर्गाच्या दृष्टीने

ध्वनिविज्ञानाच्या वर्गात फळ्याच्या शेजारी आता बहुतेक ठिकाणी मोठा टीव्ही संच आला आहे आणि अध्यापकाच्या हाती टॅबलेट आला आहे. या दोहोंची सांगड कशी घालावी हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञाच्या अखत्यारीतला वाटतो, आणि विद्यापीठांतून तो सामान्यतः तसाच सोडवलाही जातो. तथापि भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्याकडे थोडे निराळ्या दृष्टीने पाहणे अवश्य आहे. पडद्यावर दाखविलेला स्पेक्ट्रोग्राम हा विद्यार्थ्याच्या लेखी शोभेचे चित्र नसून पुरावा असतो. त्यावरून तो ध्वनींविषयी निर्णय करतो, प्रबंधात तो निर्णय नोंदवितो. टॅबलेटवर असलेले चित्र आणि शेवटच्या बाकावरून दिसणारे चित्र यांत वाटेत फरक पडत असेल, तर तो कोठे आणि का पडतो हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

मराठीचेच एक परिचित उदाहरण घेऊ. संख्यावाचक ‘चार’ आणि ‘गाईला गवत चार’ यातील आज्ञार्थी ‘चार’ यांचे लेखन एकच. पण पहिल्यातील च तालव्य, तर दुसऱ्यातील दंततालव्य. ‘थोडे’ या अर्थाचा ‘जरा’ आणि ‘वार्धक्य’ या अर्थाचा तत्सम ‘जरा’ यांची गत तशीच. लिपी हा भेद लपविते. स्पेक्ट्रोग्राम तो उघड करतो. दंततालव्य स्पर्शसंघर्षी ध्वनीतील घर्षणाची ऊर्जा तालव्यापेक्षा वरच्या वारंवारतेकडे सरकलेली असते. हा सरकलेला करडा पट्टा, ल आणि ळ यांच्या सान्निध्यात तिसऱ्या फॉर्मंटचे कमीअधिक खाली उतरणे, ‘म्ह’मधील श्वसित घोषाच्या लहरीची बारीक नक्षी, हे सारे मूळ चित्रात दोनचार बिंदूंच्या रुंदीचे असते. नेमके तेवढेच वाटेत गळून पडण्याचा धोका असतो.

आता ‘जोडणे’ या क्रियापदाकडे वळू. ‘टॅब टीव्हीला जोड’ असे आपण म्हणतो तेव्हा व्यवहारात तीन अगदी भिन्न क्रिया अभिप्रेत असू शकतात, आणि वर्गातील बहुतेक घोटाळे या एकाच शब्दाच्या अनेकार्थतेतून उद्भवतात.

पहिली क्रिया ‘कास्ट’ करण्याची. तिच्यात टॅबलेट चित्र पाठवीतच नाही. तो टीव्हीला केवळ पत्ता सांगतो आणि संच आपण होऊन इंटरनेटवरून ती चित्रफीत आणवितो. टॅबलेटची भूमिका रिमोटपुरती राहते. प्रकाशित व्याख्यान दाखविण्यास हा मार्ग उत्तम. स्वतःच्या टॅबलेटमधील ध्वनिमुद्रणाच्या विश्लेषणास त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

दुसरी क्रिया ‘मिररिंग’ची, म्हणजे टॅबलेटच्या पडद्याचे हुबेहूब प्रतिबिंब बिनतारी पाठविण्याची. ॲपलची एअरप्ले पद्धती (२०१०) आणि वाय-फाय अलायन्सने २०१२मध्ये प्रमाणित करण्यास आरंभ केलेली मिराकास्ट ही तिची प्रसिद्ध रूपे. सॅमसंगच्या टॅबलेटांवर हीच सोय ‘स्मार्ट व्ह्यू’ या नावाने आढळते. ‘हुबेहूब’ हे विशेषण मात्र येथे सैलपणाने वापरले जाते. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र सेकंदाला ६० वेळा, काहीही न गाळता पाठवावयाचे तर सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट पाठवावे लागतात. बिनतारी मिररिंगच्या वाट्याला त्याचा शंभरावा हिस्सादेखील येत नाही. म्हणून टॅबलेट प्रत्येक चित्र आकुंचित करतो आणि टीव्ही ते पुन्हा उलगडतो. आकुंचनात काय टाकावे आणि काय ठेवावे याचे नियम चालत्या चित्रपटासाठी बेतलेले आहेत: चेहरे, झाडे, आकाश यांतील सूक्ष्म कणदार पोत डोळ्याला जाणवत नाही, सबब तो टाकावा. स्पेक्ट्रोग्राम म्हणजे तर आदिपासून अंतापर्यंत कणदार पोतच! चित्रपटाला जो कचरा, तो आपल्याला पुरावा.

रंगाच्या बाबतीत हानी याहून ठळक आहे. या आकुंचनाच्या प्रचलित रीतीत उजळपणा प्रत्येक बिंदूचा नोंदविला जातो, रंग मात्र चार बिंदूंच्या चौकटीमागे एकदाच. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी घडविलेली ‘प्रात’ ही संगणकप्रणाली आपण सर्वच वापरतो. तिच्यात फॉर्मंट लाल ठिपक्यांनी आणि स्वराची उंची निळ्या रेषेने दर्शविली जाते. करड्या पार्श्वभूमीवरील एवढेसे लाल ठिपके हे या रीतीचे पहिले बळी. ते फिकट गुलाबी डाग होऊन शेजारच्या बिंदूंत पसरतात आणि दुसरा व तिसरा फॉर्मंट जेथे जवळ येतात तेथे ते एक झाल्याचा भास होतो. विद्यार्थ्याने ‘येथे दोन फॉर्मंट मिळाले आहेत’ असे म्हटले, तर दोष त्याच्या निरीक्षणाचा नव्हे.

तिसरी क्रिया तारेने जोडण्याची, आणि वर्गात विश्लेषण करावयाचे असेल तेव्हा हीच स्वीकारावी असे माझे स्पष्ट मत आहे. टीव्हीच्या बाजूस एचडीएमआय पोर्ट असतो. या मानकाची पहिली आवृत्ती २००२ची. आजच्या बहुतेक टॅबलेटांच्या बाजूस यूएसबी-सी पोर्ट असतो. या दोहोंमध्ये एक छोटा ॲडॉप्टर आणि एक केबल एवढे साहित्य पुरते. परंतु येथेही बाह्यरूपाने फसण्यास वाव आहे. यूएसबी-सी हे पोर्टाच्या आकाराचे नाव आहे, त्यातून काय वाहते याचे नव्हे. त्यातून चित्र बाहेर पडण्यासाठी ‘डिस्प्लेपोर्ट’ संकेत वाहून नेण्याची सोय टॅबलेटात असावी लागते. आयपॅड प्रोमध्ये ती २०१८पासून आहे. सॅमसंगच्या टॅब एस मालिकेतील वरच्या प्रतीच्या टॅबलेटांत ती आढळते, टॅब ए मालिकेतील स्वस्त टॅबलेटांत बहुधा नसते. केवळ यूएसबीच्या वेगावरून अनुमान करणेही धोक्याचे. २०२२च्या दहाव्या पिढीच्या आयपॅडमध्ये माहितीवहनाचा वेग जुन्या यूएसबी २चाच, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. तरीही त्यातून चित्र बाहेर पडते. म्हणून विभागासाठी खरेदी करताना तांत्रिक तपशिलात ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द शोधावा. तो नसल्यास कितीही महाग ॲडॉप्टर लावला तरी पडदा काळाच राहील. ॲडॉप्टर घेताना त्यावर चार्जरसाठी वेगळा पोर्ट असलेला घ्यावा, अन्यथा दीड तासाच्या तासिकेत टॅबलेटची बॅटरी दगा देते.

तार जोडली म्हणजे काम संपले असेही नाही, कारण टीव्ही हा निरिच्छ पडदा नव्हे. काचनळीच्या काळापासून चालत आलेली एक सवय अनेक संचांत अजून आहे: चित्राच्या कडा थोड्याशा कापून उरलेले चित्र ताणून दाखविणे. नाटक-सिनेमात याने काही बिघडत नाही. आपल्या आलेखाच्या मात्र तळाशी काळाचा अक्ष आणि डाव्या कडेला वारंवारतेचे आकडे असतात, आणि तेच कापले जातात. संचाच्या मांडणीत ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ अशा नावाचा पर्याय असतो, तो निवडावा. शक्य असेल तेथे त्या एचडीएमआय पोर्टाचे नाव ‘पीसी’ असे ठेवावे. काही उत्पादकांच्या संचांत एवढ्याने रंग कमी करण्याची व रेषा कृत्रिमरीत्या धारदार करण्याची क्रिया थांबते. या धारदारपणाची विशेष भीती बाळगावी. तो प्रत्येक गडद पट्टीच्या कडेला एक पांढरी किनार काढतो, आणि ती किनार ध्वनीत नसते.

पडद्याच्या आकाराविषयीही दोन शब्द. बहुतेक आयपॅडचा पडदा साधारण ४:३ प्रमाणाचा, टीव्हीचा १६:९चा. त्यामुळे प्रतिबिंबात टीव्हीचा केवळ तीन-चतुर्थांश भाग वापरला जातो आणि दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहतात. त्या घालविण्यासाठी चित्र आडवे ताणू नये. काळाचा अक्ष ताणला म्हणजे फॉर्मंटांचे उतार सौम्य दिसू लागतात. ५५ इंची संचाची उंची सुमारे ६८ सेंटिमीटर. १०८० ओळी त्यात बसविल्या म्हणजे एक ओळ ०.६३ मिलिमीटरची होते. निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून पावणेदोन मिलिमीटरांहून बारीक तपशील वेगळा ओळखता येत नाही. याचा अर्थ, मागच्या बाकावरील विद्यार्थ्याला जवळजवळ तीन ओळींचे मिळून एकच काहीतरी दिसते. त्याला चौपट बिंदूंचा संच आणून दिल्याने काहीही लाभ नाही. अर्धे वाक्य दाखविण्याऐवजी एक अक्षर मोठे करून दाखवावे, हा उपाय बिनखर्चाचा आहे. (प्रातमध्ये आलेखाची वरची मर्यादा मुळात ५००० हर्ट्झ ठेवलेली असते, ऊष्म व स्पर्शसंघर्षी ध्वनींसाठी ती १०,००० करावी. ती तशीच ठेवून ‘च’चा भेद दिसत नाही म्हणून टीव्हीला बोल लावणे अन्यायाचे होईल.)

आवाजाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. एचडीएमआय तारेतून आवाजही जातो आणि तो सामान्यतः आकुंचित नसतो. पण संचातील ‘क्लिअर व्हॉइस’सारख्या सोयी संवाद ठसठशीत करण्याच्या उद्देशाने ध्वनीचा तोल बदलतात. त्या बंद कराव्यात. ब्लूटूथ स्पीकर जोडावयाचा मोह टाळावा. ज्या ब्लूटूथ उपकरणात मायक्रोफोनही आहे, ते ध्वनिमुद्रणाची प्रणाली उघडताच दूरध्वनीच्या संभाषणाच्या अवस्थेत जाऊ शकते, आणि त्या अवस्थेच्या जुन्या रूपात ४००० हर्ट्झच्या वरचे काहीच उरत नाही. स आणि श यांच्या श्रवणचाचणीचा मग काय अर्थ राहिला?

ओठांच्या हालचाली आणि ध्वनी यांचा मेळ जेथे महत्त्वाचा, तेथे विलंबाचाही विचार केला पाहिजे. हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅक्डोनाल्ड यांनी १९७६मध्ये दाखविले की कानाने ‘बा’ ऐकत असता डोळ्याला ‘गा’ म्हणणारे ओठ दिसले, तर अनेकांना ‘दा’ ऐकू येते. हा प्रयोग वर्गात करून दाखविण्याजोगा आहे. परंतु चित्र टीव्हीवर व आवाज टॅबलेटला जोडलेल्या वेगळ्या स्पीकरवर अशी विभागणी केली, तर टीव्ही चित्रावर प्रक्रिया करीत असताना आवाज पुढे निघून जातो. प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत (१९९८) असे नोंदले आहे की आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तर प्रेक्षकाला ते उमगते, उशिरा आला तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत उमगत नाही. हे स्वाभाविकच आहे. निसर्गात आवाज नेहमी मागूनच येतो, सहा मीटरवरून सुमारे १७ मिलिसेकंदांनी. तेव्हा चित्र व आवाज दोन्ही एकाच तारेने पाठवावेत आणि संचावर ‘गेम मोड’ लावावा. नाव खेळाचे असले तरी चित्रावरील प्रक्रिया तो कमी करतो.

तार मिळाली नाही आणि बिनतारी मार्गच घ्यावा लागला, तर एक अडचण हमखास येते: टॅबलेट आणि टीव्ही एकाच वाय-फायवर असूनही एकमेकांना दिसत नाहीत. विद्यापीठांच्या जाळ्यांत सुरक्षिततेसाठी एका उपकरणाला दुसऱ्यापासून अलग ठेवलेले असते. यात बिघाड काही नसतो. मोबाइलचा हॉटस्पॉट करून दोन्ही त्यावर आणल्यास काम भागते. मिराकास्टला मुळात मधल्या जाळ्याची गरजच नसते.

शेवटी एक गोष्ट, जी क्षेत्रकार्य करणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. मिररिंग टॅबलेटवरील सर्व काही दाखविते: येणारे संदेश, आणि फाइलींच्या यादीतील निवेदकांची नावे व गावे. ज्या निवेदकाने आपले बोलणे अभ्यासापुरते वापरण्यास संमती दिली, त्याने आपले नाव चाळीस जणांसमोर झळकण्यास संमती दिलेली नसते. फाइलींना नावांऐवजी संकेतांक द्यावेत, संदेशांच्या सूचना आधीच बंद कराव्यात. एकाच मजल्यावर एकाच बनावटीचे तीनचार संच असतात आणि यादीत ते जवळजवळ एकाच नावाने दिसतात. शेजारच्या वर्गात भलतेच ध्वनिमुद्रण सुरू होऊ नये म्हणून प्रत्येक संचाला खोलीचा क्रमांक हेच नाव द्यावे. तास संपल्यावर संचाच्या स्मरणातून टॅबलेटचे नाव काढून टाकावे, आणि मिररिंग थांबल्याची खूण टॅबलेटवर पाहूनच पुढील फाइल उघडावी.