भिलाईहून मुंबई किती दूर?

भिलाई येथे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामाच्या निमित्ताने देशभरातून लोक येथे आले. त्यांत मराठी कुटुंबेही होती. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा आणि विदर्भ एकाच राज्यात होते व नागपूर ही त्याची राजधानी होती, त्यामुळे हा मुलूख त्यांना अगदीच परका नव्हता. अशा घरातील कोणाला आजारी आप्ताच्या भेटीसाठी तातडीने मुंबईस जावे लागले, तर मुंबई किती दूर आहे, हा प्रश्न प्रथम उभा राहतो. त्याचे उत्तर मात्र एक नाही.

लोहमार्गाने दुर्ग ते मुंबई हे अंतर सुमारे ११०० किलोमीटर आहे. गाडी नागपूर, भुसावळ अशी वळणे घेत जाते व शेवटी घाट उतरते. भिलाईकरांना सोयीचा विमानतळ रायपूरजवळ माना येथे आहे. २०१२ मध्ये त्याला स्वामी विवेकानंदांचे नाव देण्यात आले. तेथून मुंबईपर्यंतची सरळ रेषा नागपूरच्या बरीच दक्षिणेकडून जाते आणि सुमारे ९५० किलोमीटर भरते.

प्रवासी विमान उंचावर ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. या हिशोबाने सव्वा तास पुरावा. परंतु तिकिटावर सुमारे दोन तास दिलेले असतात. असे का? विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा काळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत सावकाश जाणे, चढणे आणि उतरणे यांत पूर्ण वेग नसतो. मुंबईच्या आकाशात गर्दी वा मुसळधार पाऊस असल्यास घिरट्याही घालाव्या लागतात. शिवाय हिवाळ्यात मध्य भारतावर, दहा किलोमीटर उंचीवर, वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराने वाहतात. म्हणून मुंबईस जाताना वारा विमानाच्या समोरून येतो, परतताना पाठीशी असतो.

रायपूरला सूर्य मुंबईपेक्षा सुमारे ३५ मिनिटे आधी माथ्यावर येतो. तरी भारतभर प्रमाणवेळ एकच असल्याने घड्याळ बदलावे लागत नाही. मुंबईहून दुबईला जाताना मात्र ते दीड तास मागे करावे लागते. तिकिटावरील वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात, म्हणून त्यांची नुसती वजाबाकी करून प्रवासाचा काळ मिळत नाही.

आता घरापासून घरापर्यंतचा हिशोब पाहू. मानापर्यंत एक-सव्वा तास, तेथे दोन तास आधी पोहोचणे, दोन तास उड्डाण, सामान घेऊन बाहेर पडणे आणि मुंबईतील रस्ता मिळून सुमारे सात तास होतात. जलद रेल्वेगाडीला अठरा-वीस तास लागतात. तातडीच्या वेळी हा फरक मोठा आहे. पण आप्त नागपूरला असेल, तर दुर्गहून जलद गाडी सुमारे २६५ किलोमीटरचे अंतर साधारण चार तासांत कापते आणि थेट शहरात उतरवते. तेथे विमानाचा विचारही करण्याचे कारण नाही.