पावलं मोजणारी चटई

माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात काही दिवसांपुरतं एक शहर उभं राहतं. दरेकसा स्थानकावर उतरलेली माणसं धनेगावमार्गे कचारगडाच्या डोंगराकडे निघतात. पारी कुपार लिंगो आणि माँ काली कंकाली यांच्या दर्शनासाठी महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड समाज इथे लोटतो. डोंगरातली दर्शनाची गुहा प्रचंड आहे, पण तिथवरची वाट शेवटी डोंगरातलीच.

दाट वस्तीची सगळी दुखणी या तात्पुरत्या शहरालाही असतात: पाणी, शौचालयं, कचरा आणि गर्दी. त्यातली गर्दी सर्वांत घातक. २००३च्या नाशिक कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ जणांचा जीव गेला होता.

त्याच नाशिकमध्ये २०१५च्या कुंभाआधी ‘कुंभथॉन’ भरली. एमआयटीच्या मीडिया लॅबमधले रमेश रासकर त्यामागे होते. कुंभातल्या अडचणींवर उपाय शोधायला स्थानिक मुलं, अभियंते आणि प्रशासन एकत्र बसले. शाळकरी वयाच्या निलय कुलकर्णी आणि सोबत्यांनी ‘अशिओटो’ घडवली. ही दाब ओळखणारी चटई. वाटेवर अंथरायची, पडणारी पावलं मोजायची आणि कुठून किती माणसं पुढे सरकताहेत हे यंत्रणेला कळवायचं, म्हणजे मागचा लोंढा वेळीच थोपवता येतो.

चेहरे टिपणाऱ्या कॅमेऱ्यांपेक्षा ही युक्ती सरस वाटते. भाविकाच्या खिशात मोबाइल असण्याचीही तिला गरज नाही. कचारगडच्या पायवाटेला असंच काही शोभेल. मात्र आकडा वाढला की कोणी, कुठे माणसं थांबवायची, हे आधी ठरलेलं हवं.