तरंगत्या माशीसाठी पिसांची निवड

ट्राउट मासा पाण्यावर बसलेले कीटक खातो. म्हणून गळावर पिसे बांधून तशीच कृत्रिम माशी तयार करतात. ती बुडाली, की उपयोग संपला.

माशीच्या मानेला गुंडाळण्यासाठी पूर्ण वाढलेल्या कोंबड्याच्या मानेवरील किंवा पाठीच्या मागील भागावरील पिसे निवडावीत. पीस वाकवून पाहावे. तंतू ताठ, चकचकीत व सारख्या लांबीचे असावेत. तंतूंची लांबी गळाच्या रुंदीच्या साधारण दीडपट ठेवावी. देठालगतचा लवदार भाग पाणी शोषतो, म्हणून तो कमीत कमी असावा. कोंबडीची पिसे याच कारणाने चालत नाहीत.

बदकाच्या शेपटीवरील तेलग्रंथीभोवतीची पिसेही उत्तम. त्यांच्या बारीक तंतूंत हवा अडकते. त्यांना मलम लावू नये, तंतू चिकटतात. परदेशात हरणाचे पोकळ केस वापरतात. आपल्याकडे मात्र वन्यप्राण्यांच्या अवयवांच्या व्यापारावर १९७२ च्या कायद्याने बंदी आहे.

भारतीय कोंबड्यांच्या माना या कामासाठी परदेशी जात असत. पुढे अमेरिकेत खास पिसांसाठी कोंबड्यांची निवड-पैदास झाली. तेथे कोंबडा सुमारे वर्षभर, स्वतंत्र पिंजऱ्यात वाढवतात. कारण झुंजीत पिसे तुटली, तर वर्षाची मेहनत वाया जाते.