सातबारा पडद्यावर कसा उमटतो?
लेखमाला : जाळ्याच्या आत – भाग ७

मागच्या भागात आपण साध्या वेबपानाचा प्रवास पाहिला. ब्राउझर मागणी करतो, सर्व्हर उत्तर पाठवतो आणि ब्राउझर त्या उत्तरातून पान मांडतो. या आठवड्यात बघायचा आहे तो दस्तऐवज, जो मागणी आल्यावर त्याच क्षणी तयार होतो. वीजबिल, गुणपत्रक, उत्पन्नाचा दाखला किंवा महाभूमीच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक निवडून, १५ रुपये भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ही त्याची रोजची उदाहरणं.

असा दस्तऐवज सहसा आधीपासून कपाटात पडून नसतो. सर्व्हरवरचा प्रोग्रॅम डेटाबेसमधून खातेदाराचं नाव, क्षेत्र, आकारणी उचलतो, साच्यात भरतो आणि पीडीएफ फाइल रचून ब्राउझरकडे रवाना करतो. ती फाइल नीट उघडेल का, तिच्यातलं मराठी वाचता येईल का आणि तिच्यावर भरवसा ठेवता येईल का, यातलं जवळजवळ सगळं सर्व्हरवर काम करणारा माणूस ठरवतो. नागरिकाला मात्र दोष नेहमी आपल्या मोबाइलचा किंवा नेटचाच वाटतो.

फाइलीच्या आधी येणाऱ्या ओळी

एचटीटीपीच्या उत्तरात मुख्य मजकुराआधी काही ओळी येतात. त्यांना हेडर म्हणतात. त्यातल्या दोन आपल्या कामाच्या आहेत.

पहिली ‘कंटेंट-टाइप’. पुढे येणारे बाइट कशाचे आहेत, हे ती सांगते. तिथे ‘ॲप्लिकेशन/पीडीएफ’ असेल तर ब्राउझर आपला पीडीएफ वाचक उघडतो. तिथे चुकून साध्या मजकुराचा प्रकार लिहिला गेला, तर सातबाऱ्याऐवजी पडदाभर निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसू शकते. उलटी चूकही नेहमी घडते. डेटाबेसशी संपर्क तुटतो, सर्व्हर ‘काहीतरी चुकलं’ असं वेबपान तयार करतो आणि त्यावर पीडीएफचंच लेबल लावून पाठवतो. ब्राउझर मग ‘फाइल उघडता येत नाही’ म्हणतो आणि खरं कारण कुणालाच कळत नाही.

दुसरी ओळ ‘कंटेंट-डिस्पोझिशन’. तिच्यात ‘इनलाइन’ लिहिलं असेल तर दस्तऐवज टॅबमध्येच दाखवायचा, ‘अटॅचमेंट’ असेल तर उतरवून ठेवायचा. फाइलीचं नावही याच ओळीत येतं. नाव मराठीत हवं असेल तर ते यूटीएफ-८ पद्धतीने, ठरलेल्या सांकेतिक रूपात लिहावं लागतं, नाहीतर नावाच्या जागी विचित्र चिन्हं येतात.

इथे नागरिकाचा विचार करावा लागतो. सातबारा अनेकजण महा ई-सेवा केंद्रातल्या सामायिक संगणकावर काढतात. तिथे उत्पन्नाचा दाखला ‘अटॅचमेंट’ म्हणून पाठवला तर त्याची प्रत डाउनलोडच्या फोल्डरमध्ये राहते आणि मागून येणारा कुणीही ती उघडू शकतो. टॅबमध्ये दाखवताना ‘कॅशे-कंट्रोल’ या हेडरमध्ये ‘नो-स्टोअर’ लिहिलं, तर ब्राउझरने ती प्रत साठवू नये अशी सूचना जाते. एवढ्या एका ओळीने घरच्या उत्पन्नाचा आकडा परक्या नजरेपासून वाचू शकतो.

ब्राउझरला पीडीएफ वाचता येऊ लागलं तेव्हा

पीडीएफ हा प्रकार ॲडोबीने १९९३मध्ये आणला. २००८मध्ये तो आयएसओचं खुलं मानक झाला. ब्राउझरला मात्र तो बरीच वर्षं स्वतः वाचता येत नव्हता. त्यासाठी वेगळं प्लगइन बसवावं लागे. २०१०मध्ये क्रोमने आपला वाचक ब्राउझरमध्येच दिला. फेब्रुवारी २०१३मध्ये फायरफॉक्सच्या १९व्या आवृत्तीत ‘पीडीएफ.जेएस’ आलं. हा वाचक जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे आणि पान कॅनव्हासवर रेखाटतो. अँड्रॉइडवरचा क्रोम मात्र बराच काळ पीडीएफ टॅबमध्ये न दाखवता उतरवूनच घेत असे. म्हणून सर्व्हरने ‘इनलाइन’ म्हटलं तरी शेवटी दाखवण्याची सोय त्या ब्राउझरकडे असावी लागते, आणि चांगल्या संकेतस्थळावर शेजारी उतरवून घेण्याचं बटणही असतं.

अक्षरं कोण जुळवतं?

मराठी वाचकाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. सातबाऱ्यावरचा ‘वर्ग’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये तो व, र, हलन्त, ग या क्रमाने साठवतात. दिसताना मात्र र चा रफार होऊन ग च्या डोक्यावर बसतो. ‘किती’मध्ये पहिली वेलांटी साठवणुकीत क नंतर असते आणि दिसते क च्या आधी. ही जुळणी करण्याच्या प्रक्रियेला शेपिंग म्हणतात. साध्या वेबपानावर हे काम ब्राउझर करतो. क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही त्यासाठी हार्फबझ ही लायब्ररी वापरतात.

पीडीएफमध्ये ही मदत मिळत नाही. तिथे कोणती आकृती पानावर नेमकी कुठे बसवायची, हे आधीच पक्कं लिहिलेलं असतं. म्हणजे अक्षरजुळणी सर्व्हरवर, फाइल तयार होतानाच व्हावी लागते. पीडीएफ बनवणाऱ्या कित्येक लायब्ररी अक्षरं एकापुढे एक ठेवून मोकळ्या होतात. मग रफार सुटतो, वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, ‘क्षेत्र’मधलं जोडाक्षर फुटतं. फाँट फाइलीत घातला नाही तर काही यंत्रांवर अक्षरांच्या जागी चौकोन उरतात.

दिसायला सगळं बरोबर असूनही एक उणीव राहू शकते. कोणती आकृती कोणत्या युनिकोड अक्षराची, याचा तक्ता फाइलीत नसेल किंवा चुकीचा असेल, तर ‘वर्ग’ शोधून सापडत नाही, मजकूर कॉपी केला की भलतंच उमटतं आणि दृष्टिहीन व्यक्तीचा स्क्रीन रीडर काहीबाही वाचतो. ज्या राज्याचा कारभार मराठीत चालतो तिथे हा दोष किरकोळ मानता येणार नाही. ज्याला तो दस्तऐवज वाचता येत नाही, त्याच्यापर्यंत तो पोहोचलेलाच नसतो.

स्वाक्षरी बाइटवर असते

डिजिटल स्वाक्षरी म्हणजे पानावर दिसणारा शिक्का नव्हे. फाइलीच्या बाइटवरून गणिताने एक ठसा काढतात आणि तो अधिकाऱ्याच्या खासगी किल्लीने स्वाक्षरित करतात. स्वाक्षरीच्या कक्षेतला एक बाइट बदलला तरी पडताळणीत ते उघड होतं. ब्राउझरमधले वाचक पान छान दाखवतात, पण स्वाक्षरी सहसा तपासत नाहीत. तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्येही कधीकधी प्रश्नचिन्ह दिसतं. याचा अर्थ सातबारा खोटा असा नसतो. प्रमाणपत्र देणाऱ्या भारतीय यंत्रणेवर विश्वास ठेवायचा, हे त्या प्रोग्रॅमला सांगितलेलं नसलं तरी तसं होतं.

यातून रोजच्या वापराचा एक नियम निघतो. टॅबमध्ये उघडलेला दस्तऐवज ‘प्रिंट’मध्ये जाऊन पुन्हा पीडीएफ म्हणून जतन केला की नवी फाइल तयार होते आणि स्वाक्षरी मागे राहते. स्क्रीनशॉटचंही तेच. बँकेला किंवा वकिलाला पाठवायची असेल तर सर्व्हरकडून आलेली मूळ फाइलच उतरवून घ्या आणि फोटो न काढता डॉक्युमेंट म्हणून जशीच्या तशी पाठवा. आणि तुम्ही अशी यंत्रणा उभारणाऱ्यांपैकी असाल, तर काम संपलं म्हणण्याआधी रफार, वेलांटी आणि जोडाक्षर असलेलं एक नाव निवडा, त्याचा दस्तऐवज साध्या मोबाइलवर उघडा आणि त्या नावाचा शोध घेऊन पाहा.

पुढच्या भागात : लॉगिन केलेला माणूस तोच आहे, हे सर्व्हरला प्रत्येक मागणीच्या वेळी कसं कळतं? कुकी आणि सेशनची ओळख.