चेंडू नसतानाचा खेळ

फुटबॉलचा सामना 90 मिनिटांचा, मैदानावर 22 जण आणि चेंडू एकच. चेंडू हवेत किंवा मैदानाबाहेर असतो तो वेळ वजा करा, म्हणजे लक्षात येईल की भल्या भल्या खेळाडूच्याही पायाशी तो जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. मग उरलेला वेळ हा खेळाडू करतो तरी काय? योहान क्रायफनं या एका प्रश्नावर सगळं आयुष्य वेचलं. आधी खेळाडू म्हणून, मग प्रशिक्षक म्हणून त्यानं दिलेलं उत्तर आज जगभरच्या मैदानांवर दिसतं.

क्रायफचा जन्म 1947 चा, ॲमस्टरडॅममधला. आयाक्स क्लबचं मैदान घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. तो 12 वर्षांचा असताना वडील गेले आणि आईनं त्याच क्लबात साफसफाईचं काम धरलं. सतराव्या वर्षी पोरगा मुख्य संघात आला. अंगानं किडकिडीत, पण नजर अशी की चेंडू यायच्या आधीच पुढच्या दोन चाली त्याला दिसत. 1971 ते 1973 अशी सलग तीन वर्षं आयाक्सनं युरोपियन कप जिंकला.

प्रशिक्षक रिनस मिखेल्स यांनी घडवलेल्या या खेळाला जगानं ‘टोटल फुटबॉल’ म्हटलं. बचावपटू चढाईवर गेला तर त्याची जागा दुसऱ्यानं भरायची, माणसं बदलली तरी रचना मोडू द्यायची नाही. खरी गंमत होती ती मैदानाच्या मापात. चेंडू आपल्याकडे असला की सगळ्यांनी पांगायचं, मैदान रुंद करायचं. चेंडू गेला की सगळ्यांनी पुढे सरकून प्रतिस्पर्ध्याला कोंडायचं. चुन्याच्या रेषा तिथेच असतात, पण 11 जण एका विचारानं हलले की तेच मैदान क्षणात ऐसपैस होतं आणि क्षणात चिंचोळं!

याचा सर्वांत थक्क करणारा नमुना म्हणजे 1974 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना. म्युनिकमध्ये समोर यजमान पश्चिम जर्मनी. क्रायफच्या नेदरलँड्सनं खेळ सुरू केला आणि चेंडू आपसातच फिरवत ठेवला. संघाचा मुख्य आघाडीपटू क्रायफ चक्क बचावपटूंच्याही मागे येऊन उभा होता. तिथे चेंडू मिळताच तो सुसाट निघाला, थेट पेनल्टी क्षेत्रात शिरला आणि त्याला पाडण्यात आलं. नीस्केन्सनं पेनल्टीवर गोल केला. तोवर एकाही जर्मन खेळाडूचा चेंडूला स्पर्श झाला नव्हता. पहिला स्पर्श झाला तो गोलरक्षक झेप मायरचा, तोही जाळ्यातून चेंडू काढताना. पुढे जर्मनीनं सामना 2-1 असा जिंकला, तरी लोकांच्या मनात घर केलं ते हरलेल्या संघानं.

त्याच स्पर्धेत स्वीडनचा यान ओल्सन क्रायफच्या पाठीला चिकटून होता. क्रायफनं चेंडू मध्ये टाकण्यासाठी उजवा पाय उगारला आणि ओल्सन त्या बाजूला झुकला. पण लाथ बसलीच नाही. त्याच पायाच्या आतल्या बाजूनं क्रायफनं चेंडू आपल्या डाव्या पायामागून ओढला आणि गर्रकन उलट वळून तो निसटला. हा ‘क्रायफ टर्न’ आज शाळकरी पोरंही घोटतात. त्यातलं मर्म पायांच्या चपळाईइतकंच समोरच्याचा तोल ओळखण्यात आहे.

1988 मध्ये तो बार्सिलोनाचा प्रशिक्षक झाला. गवयाला जसे पलटे, तसा त्याच्या संघाला ‘रोंडो’. काही जणांनी गोल रिंगण करून चेंडू फिरवायचा, आतल्या एक-दोघांनी तो हिसकावायचा. जागा तोकडी आणि वेळ त्याहून कमी, त्यामुळे चेंडू येण्याआधीच पुढचा पास ठरलेला हवा. अशा खेळात दांडगटपणापेक्षा डोकं मोलाचं. म्हणूनच क्लबाच्या तरुण फळीतला शिडशिडीत पेप ग्वार्दिओला त्याला मधल्या फळीचा कणा वाटला. 1991 पासून सलग चार वेळा बार्सिलोनानं स्पॅनिश लीग जिंकली. 1992 मध्ये वेम्ब्लीवर, जादा वेळेत रोनाल्ड कूमननं फ्री किकवर गोल मारला आणि क्लबाला पहिला युरोपियन कप मिळाला.

2010 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेननं नेदरलँड्सलाच 1-0 असं हरवलं. स्पेनच्या पहिल्या 11 जणांपैकी सहा जण बार्सिलोनाच्या ‘ला मासिया’ या अकादमीत घडलेले होते. गोल मारणारा इनिएस्ता तिथलाच आणि त्याला शेवटचा पास देणारा फाब्रेगासही तिथलाच. क्रायफचा विचार तोवर त्याच्या देशाच्या सीमा ओलांडून इतका पुढे गेला होता, की त्याच्याच देशाला त्यापुढे हार पत्करावी लागली. क्रायफ 2016 मध्ये गेला.

पुढचा सामना बघाल तेव्हा पाच मिनिटं चेंडूवरची नजर काढा आणि चेंडूपासून लांब असलेल्या एकाच खेळाडूचा पाठलाग करा. तो दोन पावलं सरकतो, बचावपटूला ओढून नेतो आणि तिसऱ्यासाठी वाट मोकळी करून देतो. गोलफलकावर त्याचं नाव लागत नाही, पण गोलाची सुरुवात तिथूनच झालेली असते.