पत्र्याच्या पेटीतली करामत

हर्सूलहून जळगाव रस्त्याला लागलं की फुलंब्री, सिल्लोड, अजिंठ्याचा घाट, मग जळगाव, भुसावळ आणि पुढे वरणगाव. पिस्तूल-रायफलींची काडतुसं बनवणारी आयुध निर्माणी या वरणगावात आहे. पण काडतूस कितीही नेटकं असलं, पिस्तूल कितीही महागडं असलं, तरी दोघांची गाठ घालून देते ती एक साधी पत्र्याची पेटी. मॅगझिन. पिस्तूल मध्येच अडकलं की नवखा माणूस नळीकडे आणि ट्रिगरकडे बघतो. जाणकार आधी मॅगझिन बदलून बघतो.

आत असतं तरी काय? एक लांब स्प्रिंग, तिच्या डोक्यावर फॉलोअर नावाची पट्टी, आणि पेटीच्या तोंडाशी आत वळवलेल्या दोन कडा. या कडांना लिप्स म्हणतात. गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना सगळ्यात वरचं काडतूस नळीत ढकलते. स्लाइडच्या या ये-जा दरम्यान, पापणी लवायच्या आत, स्प्रिंगने काडतुसांची अख्खी चळत वर उचलून पुढचं काडतूस लिप्सखाली अचूक आणून ठेवलेलं असावं लागतं.

खरी गंमत पुढेच आहे. मॅगझिन भरलेलं असताना स्प्रिंग पुरती दबलेली, म्हणून जोरात असते. पण तेव्हाच वजन जास्त आणि भिंतींशी घर्षणही जास्त. शेवटच्या काडतुसाला वजन उरत नाही, पण स्प्रिंगही सैलावलेली असते. जितकं दाबाल तितका उलटा जोर, हा रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये छापलेला नियम. एकाच तारेला ही दोन्ही टोकं सांभाळायची असतात. ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलात तर १३ काडतुसं आडवी-तिरपी दोन रांगांत बसतात आणि तोंडाशी येताना एका रांगेत येतात. आपल्याकडे इशापूरच्या कारखान्यात बनणारं ९ मिमी पिस्तूल याच घराण्यातलं.

भरलेलं मॅगझिन तसंच ठेवलं तर स्प्रिंग मरते, असं सर्रास म्हटलं जातं. पण चांगल्या पोलादाची, बेताने दाबलेली स्प्रिंग नुसत्या दबून राहण्याने फारशी थकत नाही. तिला थकवतं ते पुन्हा पुन्हा दबणं आणि उसळणं. तार सारखी वाकवली की तुटते, तसं. मात्र लहान पेटीत जास्त काडतुसं कोंबण्यासाठी स्प्रिंग तिच्या मर्यादेपर्यंत दाबली असेल, तर ती नुसत्या दाबानेही कायमची आखडते. मग चळत वर यायला उशीर होतो आणि स्लाइड काडतुसावरून रिकामीच निघून जाते. किंवा शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबायला हवी, ती थांबत नाही. स्प्रिंग म्हातारी झाल्याची ही बोलकी खूण.

तरीही माझ्या मते स्प्रिंगपेक्षा लिप्स जास्त नाजूक. काडतूस कोणत्या कोनात आणि कोणत्या क्षणी सुटणार हे त्याच ठरवतात. भरलेलं मॅगझिन फरशीवर तोंडावर आपटलं की त्या किंचित फाकतात किंवा दबतात. डोळ्यांना दिसतही नाही, पण काडतूस नाक वर करून अडकतं, कधी दोन एकदम बाहेर येतात. कालांतराने वळणाच्या कोपऱ्यात बारीक तडाही जातात.

खेळातल्या .२२ काडतुसाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि पेट घेणारा मसाला त्या कडेतच भरलेला असतो. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे राहिली पाहिजे. मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात. शिवाय शिशाच्या गोळीवरचं मेण आणि जळलेल्या दारूची काजळी आत साचत जाते.

हीच .२२ काडतुसं वापरून २२ ऑगस्ट २०१८ रोजी पालेम्बांगला कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक मिळवलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. अंतिम फेरीत तिची आणि थायलंडच्या नेमबाजाची ३४-३४ अशी बरोबरी झाली, पहिला शूट-ऑफही बरोबरीत सुटला, दुसऱ्यात निकाल लागला. पाच-पाच गोळ्यांच्या बारा फैरी! या प्रकारात लक्ष्य दर वेळी फक्त ३ सेकंद समोर राहतं. तेवढ्यात हात वर यायचा, नेम धरायचा, गोळी सुटायची आणि पुढचं काडतूस जागेवर आलेलं असायचं. राहीच्या मनगटाचं आणि मनाचं कौतुक करावं तितकं थोडंच; पण त्या प्रत्येक फैरीत एका बारीक तारेनेही आपलं काम चोख केलं होतं.

रेंजवर नव्याने येणाऱ्या मुलामुलींना म्हणून एवढंच सांगायचंय: आपल्या प्रत्येक मॅगझिनवर नंबर टाका. पिस्तूल अडकलं की तो नंबर वहीत लिहा. तोच नंबर पुन्हा आला, तर ते मॅगझिन बाजूला काढून प्रशिक्षकाला दाखवा. लिप्सना स्वतः पक्कड लावू नका आणि स्पर्धेच्या दिवशी ते मॅगझिन घरीच ठेवा.